पोटाखालची पत्री

गाडीच्या पोटाला चिलखत चढवतात ही गोष्ट मला सत्तरी उलटल्यावर कळली. त्याआधी गाडीला पोट असतं, हेच मी कधी मनावर घेतलं नव्हतं. गाडी म्हणजे दार, काच, सीट आणि चढताना गुडघ्याची परीक्षा घेणारी ती उंच पायरी, एवढीच माझी ओळख. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात या विषयावर इतकं बोलणं झालं, थोडं भांडणही झालं, की आता चार शब्द लिहायला हरकत नाही. नात्यातल्या दोघी-तिघींनी फोनवर विचारलंही, "अगं, त्या बंपरचं शेवटी काय झालं?" त्यांनाही एकदाच सांगून होईल.

आमच्या नातवाने, म्हणजे मुलीच्या मुलाने, दोन वर्षांपूर्वी एक उंच गाडी घेतली. चारही चाकांना ताकद पोचवणारी. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगणार आहे ते त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना लागू आहे. तुम्ही म्हणाल, पुण्यात राहणाऱ्याला कशाला हवी असली गाडी? बऱ्याच जणांना नकोच असते, हे खरं. पण आमच्याकडे तिला एक काम आहे. माझं माहेर भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता सोडला की शेवटचे तीन किलोमीटर निव्वळ दगड आणि चिखल. आई-वडील गेले, भाऊ गेला, पण थोरली वहिनी अजून तिथेच राहते. वय ब्याऐंशी. पुण्याला यायचं नाव काढत नाही. एसटी फाट्यापर्यंत, पुढे आपले पाय किंवा कोणाचा तरी ट्रॅक्टर.

गेल्या जुलैत वहिनीला डॉक्टरांना दाखवायचं म्हणून नातू आणि मी तिला आणायला गेलो. येताना, तिला घेऊन निघाल्यावर, पाण्याने माती वाहून उघड्या पडलेल्या एका दगडावर गाडी खालून टेकली. 'टण्ण' असा आवाज आला. शंभर-दोनशे मीटर गेलो नाही तोच समोर तेलाचा लाल दिवा लागला. नातवाने तत्काळ इंजिन बंद केलं, हे त्याने फार चांगलं केलं. खाली वाकून बघितलं तर काळं तेल धार लावून गळत होतं. चेंबर फुटलं होतं. शेवटी गावातल्या एका मुलाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत आणि त्यावर गादी टाकली, डोक्यावर ताडपत्री धरली, आणि वहिनीला तशी फाट्यापर्यंत आणली. तिथून भाड्याची गाडी. डॉक्टरांची वेळ दुपारी बाराची होती, आम्ही पोचलो संध्याकाळी सहाला. वहिनीचं दुखणं त्या दिवशी साधं निघालं म्हणून बरं. छातीतलं असतं तर? हा प्रश्न नातवाच्या डोक्यातून गेला नाही आणि माझ्याही.

चेंबर म्हणजे काय, हे ज्यांना माझ्यासारखंच ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या तळाशी एक परात असते, तिच्यात इंजिनाचं तेल साठतं. तिथून पंप ते तेल वर खेचतो आणि फिरणाऱ्या भागांमध्ये सोडतो. तेल आहे तोवर धातू धातूला थेट लागत नाही. परात फुटली, तेल गेलं, की काही मिनिटांत आतले भाग एकमेकांना घासून तापतात आणि इंजिन जाम होतं. परातीची किंमत काही हजारांत, इंजिनाची लाखांत. आणि ही परात बहुधा ओतीव अ‍ॅल्युमिनियमची किंवा पातळ पत्र्याची असते. तिच्या मागे गिअरबॉक्स, त्याला लागून पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, मग डिझेलची टाकी. सगळं पोटाखाली. शिवाय आपला दगड म्हणजे काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. फुटला की धारदार कडा सोडतो. भूगोल शिकवताना हे वाक्य मी किती वर्गांना सांगितलं असेल! पण त्या धारेचा प्रत्यय त्या दिवशी आला.

गाडी दुरुस्त झाली आणि नातवाने जाहीर केलं, आता खाली स्किड प्लेट आणि पुढे लोखंडी ऑफ-रोड बंपर. दोन्ही एकदमच. मला म्हणाला, "आजी, तूही चल वर्कशॉपला. तुझ्याच माहेरच्या रस्त्यासाठी आहे सगळं." गेले. निवृत्त माणसाला वेळच वेळ.

वर्कशॉप शहराच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये. फिटर पन्नाशीचा, हाताला ग्रीस, डोळ्यांना चष्मा. आधी मला 'मॅडम' म्हणत होता, शाळेत शिकवायचे म्हटल्यावर 'बाई' म्हणू लागला आणि सगळं समजावून सांगू लागला. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा गाडीचं पोट खालून पाहिलं. नळ्या, तारा, चिखलाचे पोपडे आणि नवीन चेंबर, तेवढंच चकचकीत.

स्किड प्लेट म्हणजे जाड पत्रा, पण तो लावण्यातही शास्त्र आहे. एक म्हणजे तो इंजिनाला लावायचा नाही, गाडीच्या चासीला लावायचा. म्हणजे दगडाचा मार चासीच्या आडव्या-उभ्या बीमवर जातो, इंजिनावर नाही. दुसरं, पत्रा आणि चेंबर यांच्यात मोकळी जागा ठेवायची, कारण आपटल्यावर पत्रा थोडा आत वाकतोच. जागा नसेल तर पत्राच चेंबर फोडेल. तिसरं, बोल्टांची डोकी पत्र्याच्या खोबणीत बुडालेली हवीत. बाहेर राहिली तर दगडावर घासून गुळगुळीत होतात आणि मग पाना बसत नाही. चौथं, तेल बदलण्यासाठी खाली भोक आणि हवा खेळण्यासाठी चिरा हव्यात.

पत्रा लोखंडी घ्यायचा की अ‍ॅल्युमिनियमचा, यावर बराच वेळ गेला. अ‍ॅल्युमिनियमचं वजन त्याच मापाच्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, आणि ते गंजत नाही. पण मऊ असल्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी जाडी जास्त लागते. लोखंड चार मिलिमीटर पुरतं तिथे अ‍ॅल्युमिनियम सहा लागतं. शिवाय दगडावर लोखंड घसरून पुढे जातं, अ‍ॅल्युमिनियमला चरे पडतात आणि ते कधीकधी अडकतं. आम्ही लोखंडी घेतलं, पावडर कोटिंग केलेलं. तीन तुकडे मिळून तीसेक किलो. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरीच्या यादीतलं घेतलं, म्हणजे वॉरंटीचा प्रश्न उरत नाही, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवलं.

तीन तुकडे एकावर एक कसे चढवायचे, ते बघून मला आमच्या माहेरच्या घराची कौलं आठवली. पुढच्या तुकड्याची मागची कड खाली, आणि मागच्या तुकड्याची पुढची कड तिच्या वर लपलेली. म्हणजे गाडी पुढे जाताना दगड सटकन मागे सरकतो, त्याला पकडायला कड सापडत नाही. मी विचारलं, "मग गाडी मागे घेताना?" फिटर हसला. म्हणाला, "बाई, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मागे घेताना हळू घ्यायची, एवढंच त्याचं उत्तर." मग त्याने टॉर्कच्या पान्याने बोल्ट ठरलेल्या मापाने आवळले आणि नातवाला बजावलं की पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा येऊन आवळून घ्या, आणि दर चिखलाच्या फेरीनंतर आतून पाणी मारून घ्या. पत्र्यावर चिखल साठला तर गंज धरतो, आणि वाळलं गवत अडकून ते गरम सायलेन्सरला लागलं तर पेट घेतं.

इथवर घरात कोणाचाच विरोध नव्हता. अडलं ते पुढच्या बंपरशी.

तो बंपर शेडमध्ये दुसऱ्या एका गाडीला लावलेला होता. काळाभोर, जाड पत्र्याचा, वर नळ्यांची कमान, दोन्ही टोकं वर उचललेली. देखणा होता, खोटं कशाला बोलू. त्याची बाजूही नातवाने नीट मांडली. मूळ बंपर खाली आणि पुढे आलेला असतो, त्यामुळे उभ्या चढावर चाकाआधी बंपरच जमिनीला टेकतो. ऑफ-रोड बंपरची टोकं कापलेली असतात म्हणून चाक आधी टेकतं आणि गाडी चढते. त्यात ओढून काढायचे मजबूत हूक असतात, विंच बसवता येतो, म्हणजे चिखलात अडकलेली गाडी झाडाला दोर बांधून स्वतःलाच बाहेर ओढते. हे सगळं खरं आहे.

माझी भाची पर्थला असते. नातवाने तिलाही फोन लावला, आपल्या बाजूने साक्ष द्यायला. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे बुल बार लागतोच. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. रेडिएटर फुटला तर मदत शेकडो किलोमीटरवर." बरोबरच आहे. एआरबी ही या कामातली नावाजलेली कंपनी तिथलीच, १९७५ साली मेलबर्नला सुरू झालेली. ज्या देशाची जी गरज, ती वस्तू तिथे तयार होते. पण तिथेही २००२ साली बुल बारसाठी मानक तयार केलं गेलं, आणि चांगले बार ठरावीक मॉडेलच्या एअरबॅगशी जुळवून बनवतात. युरोपने तर २००५ मध्ये नियम केला की पुढचा बार पायी चालणाऱ्याला अधिक इजा करणार नाही, अशी चाचणी झाल्याशिवाय तो विकताच येणार नाही.

आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून असे बुल बार आणि क्रॅश गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. प्रकरण पुढे कोर्टातही गेलं. जानेवारी २०१९ मध्ये तर एका वेगळ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. नातू म्हणाला, "आजी, रस्त्यावर हजारो गाड्यांना आहेत." मी म्हटलं, वर्गात सगळे कॉपी करतात हे उत्तर मी नोकरीत कधी मान्य केलं नाही.

पण कायद्याने माणूस दबतो, त्याला पटत नाही. म्हणून मी फिटरलाच विचारलं, मूळ बंपरच्या आत काय असतं? त्याने अपघातातल्या गाडीचा काढून ठेवलेला एक बंपर दाखवला. बाहेर प्लास्टिक, आत फोमसारखा मऊ थर, त्यामागे धातूचा बीम आणि बीमच्या मागे दोन डबे. ते डबे मुद्दाम चुरगळण्यासाठीच केलेले. धडक बसली की डबे चुरगळतात आणि तो मार माणसापर्यंत पोचायच्या आत खर्ची पडतो. गाडीने स्वतः चुरगळून माणूस वाचवायचा, ही कल्पना मर्सिडीज कंपनीतल्या बेला बारेन्यी नावाच्या इंजिनिअरची. १९५९ साली ती पहिल्यांदा बाजारातल्या गाडीत आली. एअरबॅगचंही तेच गणित. गाडी किती झपाट्याने थांबते आहे हे सेन्सर मोजतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. पुढे चासीला थेट कडक लोखंड जोडलं की चुरगळणारे डबेच निकामी, आणि सेन्सरला मिळणारा हिशोबही बदलतो. पिशवी भलत्या वेळी उघडेल किंवा उशिरा उघडेल. त्यात बंपरचं वजन साठेक किलो, तेही पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेलं. पुढच्या स्प्रिंगा बसतात, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं.

"पण तुमच्या वेळच्या जीपला लोखंडी बंपरच होता की!" हा नातवाचा हुकमी मुद्दा. होता. पण त्या जीपने आमच्या रस्त्यावर चाळीसचा वेग गाठला तर बातमी व्हायची. आणि त्या जीपा झाडावर आपटल्या की जीप शाबूत राहायची, ड्रायव्हरची छाती स्टिअरिंगवर फुटायची. हे मी पाहिलेलं आहे. लोखंड वाचलं म्हणजे माणूस वाचला असं होत नाही.

आम्ही हे बोलत असतानाच फिटरची मुलगी शाळेतून आली. दुसरीतली. पाठीवर दप्तर, दोन वेण्या. वडिलांकडून घराची किल्ली घ्यायला ती त्या बंपरवाल्या गाडीच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. वरची नळी बरोबर तिच्या हनुवटीला लागत होती. मी शिक्षिका आहे, मुलांची उंची मला मोजपट्टीशिवाय कळते. दुसरीतलं मूल सव्वाशे सेंटिमीटरच्या आतबाहेर. मोठ्या माणसाच्या मांडीला जे लागतं, ते तिच्या गळ्याला लागतं. मी काही बोलले नाही. नातवानेही तिकडे बघितलं आणि मग फोनमध्ये डोकं घातलं.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा. त्यांतली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. ही माणसं आपल्या गाडीत बसलेली नसतात, म्हणून चिलखत निवडताना त्यांचा विचार कोणी करत नाही. मला या सगळ्यातून एवढंच कळलं की चिलखत कोणाकडे तोंड करून आहे हे बघावं. पोटाखालचा पत्रा दगडाकडे बघतो. दगडाला इजा होत नाही. पुढचा बंपर रस्त्याकडे बघतो, आणि आपल्या रस्त्यावर कांगारू नाहीत. म्हशी आहेत, सायकली आहेत, पाण्याची घागर घेतलेल्या बाया आहेत, शाळा सुटलेली पोरं आहेत.

नातू दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "बंपर राहू दे. खालच्या प्लेटा आणि ओढायचा हूक, बस." कशाने मन वळलं, हे मी विचारलं नाही. विम्याच्या माणसाने सांगितलेलं लागलं असेल, वजनाचं गणित पटलं असेल, किंवा ती दोन वेण्यांची मुलगी. पोरांना कारण विचारत बसलं की ती पुन्हा वाद घालतात, हा जुना अनुभव! फोनमध्ये अजूनही अधूनमधून बंपरांची चित्रं बघत असतो. बघू दे.

या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आम्ही वहिनीकडे गेलो. त्याच वळणावर, बहुधा त्याच दगडावर, गाडी पुन्हा टेकली. या वेळी लांबलचक 'खर्रर्र' झालं आणि गाडी पुढे सरकली. लाल दिवा लागला नाही. घरी पोचल्यावर नातू अंगणात उताणा झोपून गाडीखाली शिरला. पत्र्यावर हातभर लांब ओरखडा, रंग गेलेला, आत सगळं कोरडं.

वहिनी ओट्यावरून हे बघत होती. तिला मी सगळं सांगितलं, पत्रा काय, बंपर काय. ऐकून म्हणाली, "म्हणजे बैलाला पत्री ठोकतात तशी गाडीला ठोकली म्हणा की. ते बरं केलं. पण शिंगांचं कशाला काढलं होतं पोराने? मारक्या बैलाची शिंगं साळतात, वाढवतात का कोणी?" नातू गाडीखालूनच हसला. मी इतके दिवस आकडे आणि कलमं गोळा करत बसले होते, आणि शाळेची पायरी न चढलेल्या वहिनीने दोन वाक्यांत निकाल लावला.

असो. ज्यांची मुलं-नातवंडं उंच गाड्या घेऊन डोंगरात जातात त्यांना एवढंच सांगणं, पोटाखाली पत्री जरूर ठोकून घ्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट आवळायला विसरू नका. आमचे आवळायचे राहिलेत, परवा आठवण केली पाहिजे. पुढच्या आठवड्यात वहिनीला तपासणीसाठी पुन्हा आणायचं आहे. यंदा डॉक्टरांची वेळ अकराचीच घेतली आहे.